गावातलं रेल्वे फाटक सुरक्षित करायचंय? पंचायतीत नव्याने आलेल्यांनी कुठून सुरुवात करायची

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातली, नुकतीच निवडून आलेली एक मुलगी घरी आली. म्हणाली, काका, आमच्या वाडीतली पोरं शाळेला जातात त्याच टायमाला फाटक पडलेलं असतं, उशीर झाला की बाई ओरडतात म्हणून पोरं दप्तर काढून दांड्याखालून वाकून जातात, मी गेटमनला सांगितलं तर तो म्हणतो माझ्या हातात काय आहे, रेल्वेला पत्र दिलं तर उत्तर नाही, आता काय करू? तिला दोन तास बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत अशी किती गावं असतील आणि दर पाच वर्षांनी पंचायतीत नवी माणसं येतात, त्यांना पहिल्यापासून सगळं शोधत बसावं लागतं. मी दहा वर्षं सदस्य होतो, त्यातली निम्मी वर्षं फाटकाच्या फायलीत गेली, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. फाटक पंचायतीचं नसतं, पण फाटकाला येणारा रस्ता, त्यावरच्या गाड्यांची मोजणी आणि ग्रामसभेचा ठराव हे तीन पंचायतीच्या हातात असतं आणि तेवढ्यावर बरंच काही हलवता येतं.

पहिलं काम: लाईन कुणाची, रस्ता कुणाचा

हे आधी केलं नाही तर पुढचं सगळं फुकट जातं. आमचं पहिलं पत्र चुकीच्या ऑफिसला गेलं आणि आठ महिने आम्ही उत्तराची वाट बघत बसलो.

लाईनचं असं आहे. पनवेल ते रोहा हा भाग मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतो, म्हणजे पेण, नागोठणे वगैरे गावांचं पत्र मुंबईच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला जातं. रोह्याच्या पुढे थेट कर्नाटकात ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे, ही वेगळी कंपनी आहे, १९९० साली स्थापन झालेली, तिचं मुख्य ऑफिस बेलापूरला आणि आपल्या महाराष्ट्रातल्या भागासाठी क्षेत्रीय रेल्वे व्यवस्थापकांचं ऑफिस रत्नागिरीला. आणि पालघर, डहाणूकडची मंडळी असाल तर तुमची पश्चिम रेल्वे. पत्राची एक प्रत तुमच्या सेक्शनच्या सिनियर सेक्शन इंजिनिअरला, ज्याला रेल्वेत सगळे पी-वे म्हणतात, त्याला हातोहात द्या. रोजचा रूळ आणि फाटकाची जागा तोच बघतो आणि खरं सांगायचं तर निम्मी कामं त्याच्याच लेव्हलला होतात.

रस्त्याचं दुसरं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि नुसती पाणंद असेल तर बहुतेक वेळा पंचायतच. तुमच्या रस्त्याला नंबर आहे का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकाला विचारा, रस्त्यांच्या रजिस्टरमध्ये (नमुन्यात) नोंद असते. रेल्वेच्या हद्दीचे दगड किंवा खांब रुळाच्या दोन्ही बाजूला असतात, त्याच्या आतला रस्ता रेल्वेचा, बाहेरचा आपला. हे दगड एकदा स्वतः जाऊन बघून या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कारण पुढे खड्डा कुणी भरायचा यावर वाद होणार आहे आणि त्या वेळी हा फोटोच बोलेल.

अजून एक, फाटकाचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या. गेटच्या केबिनवर लिहिलेला असतो. पत्रात "आमच्या गावचं फाटक" असं लिहिलं तर ते पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहतं, नंबर टाकला की ते बरोबर जागी पोचतं.

फाटक चालतं कसं हे समजून घ्या

हे गावात नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं आणि त्यामुळे गेटमनला शिव्या बसतात.

दोन प्रकार आहेत. एक इंटरलॉक असलेलं फाटक. यात फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात, दांडे पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही आणि एकदा सिग्नल दिला की गाडी पास होईपर्यंत फाटक उघडता येत नाही. म्हणजे "अरे गाडी अजून दिसत पण नाही, खोल की जरा" म्हणून कितीही ओरडलं तरी त्याच्या हातात काही नसतं. दुसरं बिनइंटरलॉकचं. यात स्टेशन मास्तर फोन करून गेटमनला गाडीचा नंबर सांगतो, गेटमन फाटक बंद करतो, मग मास्तरला एक खाजगी नंबर, म्हणजे फाटक बंद झाल्याची खूण म्हणून ठरलेला सांकेतिक आकडा देतो, तो नंबर वहीत लिहिला जातो आणि मग गाडी सुटते. सगळी साखळी माणसांवर. एक फोन राहिला, एक नंबर फाटक बंद न करताच दिला, की संपलं.

८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर हेच आपल्या डोळ्यांसमोर आलं. शाळेची व्हॅन ट्रेनखाली आली, तीन मुलं गेली. फाटकावर माणूस होता पण इंटरलॉकिंग नव्हतं. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही बसवणार, गेटमन आणि स्टेशनमधल्या फोनचं रेकॉर्डिंग तपासणार आणि इंटरलॉकिंगसाठीची वाहतुकीची मर्यादा २०,००० टीव्हीयूवरून १०,००० वर आणणार. हा शेवटचा मुद्दा लहान गावांसाठी फार महत्त्वाचा आहे, टीव्हीयू म्हणजे काय ते खाली सांगतो.

आपल्याकडे लोकांना वाटतं की बिनमाणसाची फाटकं बंद झाली म्हणजे धोका संपला. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेने बंद केली हे खरं आणि ते मोठंच काम झालं. त्याच्या आधी काय काय झालंय, २००५ साली नागपूरजवळ कन्हानला लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर, २०१४ ला तेलंगणात मासाईपेटला शाळेची बस, २०१८ ला कुशीनगरला शाळेची व्हॅन, तेरा मुलं. पण माणूस बसवला म्हणजे काम झालं असं नाही, आणि गावात जिथे फाटकच नाही, नुसती रुळावरून जाणारी पायवाट आहे, तिचं काय? ती तर कुठल्याच हिशेबात नाही.

मोजणी करा, स्वतः करा

सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घाला.

रेल्वे कुठल्याही फाटकाची गरज टीव्हीयूमध्ये मोजते, म्हणजे चोवीस तासात जाणाऱ्या गाड्या गुणिले चोवीस तासात रस्त्यावरून जाणारी वाहनं. कार, पिकअप, ट्रक, एसटी, बैलगाडी यांना प्रत्येकी एक युनिट, रिक्षाला अर्धं. पायी जाणारी माणसं यात धरत नाहीत. म्हणजे दोनशे पोरं रोज रूळ ओलांडत असतील तरी टीव्हीयूमध्ये शून्य, म्हणून पोरांची मोजणी वेगळ्या कागदावर करायची आणि पत्राला जोडायची. दुचाकींचाही वेगळा रकाना ठेवा, रेल्वे स्वतःच्या फॉर्ममध्ये त्याला जे वजन लावते ते तिला लावू दे.

रेल्वेची स्वतःची मोजणी साधारण तीन वर्षांनी होते, सात दिवस. आता कोकणात सात दिवस कुठले यावर सगळा खेळ. ऐन पावसात श्रावणाच्या आधी मोजलं तर रस्त्यावर कुत्रं नसतं, आणि एप्रिल मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांचे पिकअप, चाकरमान्यांच्या गाड्या, लग्नं, चिऱ्याचे ट्रक, सगळं एकदम सुरू. खोटं काही करायचं नाही, पण वर्षातून दोनदा मोजा, एकदा मे महिन्यात आणि एकदा साध्या दिवसांत, आणि दोन्ही आकडे द्या. प्रामाणिक दोन आकडे असले की समोरचा इंजिनिअर तुम्हाला सीरियसली घेतो, हे मी स्वतः बघितलंय.

कशी करायची? कॉलेजची चार पाच पोरं धरा, आठ आठ तासाच्या पाळ्या लावा, एका वहीत रकाने पाडा, तासाला एक ओळ. पहाटेचं सोडू नका, मच्छीचे टेम्पो चार साडेचारला निघतात. आणि ट्रेनचा आकडा टाइमटेबलवरून घेऊ नका, मालगाड्या त्यात नसतात, कोलाडवरून जाणारी रोरो म्हणजे ट्रक वाहून नेणारी गाडीही नसते, गणपती स्पेशल तर नाहीच नाही. फाटकावर बसून मोजा. बसा म्हणजे रस्त्याच्या कडेला, रुळापासून लांब, आणि गेटमनला आधी सांगून.

एक उदाहरण धरू. दिवसाला ४० ट्रेन. रस्त्यावर १८० कार, ६० पिकअप, एसटीच्या २० फेऱ्या, १० बैलगाड्या, आणि ८० रिक्षा व मिनिडोर, म्हणजे अर्ध्याने ४०. एकूण ३१० युनिट. ४० गुणिले ३१० म्हणजे १२,४००. हे जुन्या २०,००० च्या मर्यादेत बसत नव्हतं, नव्या १०,००० मध्ये बसतं. म्हणजे या गावाने पत्रात सरळ लिहायचं की आमचं फाटक इंटरलॉकिंगच्या निकषात येतं, रेल्वेने आपली मोजणी लावावी.

आणि याच गणितावरून कळतं की उड्डाणपूल मागून काय होतं. रस्ता पुलावरून नेण्याचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा निम्मा उचलायचे त्याचा जुना निकष एक लाख टीव्हीयूचा. ४० ट्रेन असतील तर रोज २,५०० वाहनं पाहिजेत. कुठल्या खेडेगावात आहेत? तरी प्रत्येक निवडणुकीत उड्डाणपुलाचं आश्वासन येतं आणि गाव त्या पुलाची वाट बघत साधे ब्लिंकर, म्हणजे लुकलुकणारे इशारा दिवे पण मागत नाही. मला हे बघून फार वाईट वाटतं. पूल मागा, जरूर मागा, महारेलसारखी राज्य आणि रेल्वेची संयुक्त कंपनी महाराष्ट्रात असे पूल बांधतेय, पण पुलाच्या नादात बाकीचं थांबवू नका.

पंचायत स्वतः काय करू शकते

रस्त्याकडून सुरू करा कारण इथे कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही, फार तर जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याला एक पत्र.

फाटकाच्या आधी २०० मीटरवर आणि मग ५० ते १०० मीटरवर असे दोन इशारा बोर्ड लागतात, लांबच्यावर दोन तिरके पट्टे, जवळच्यावर एक. आमच्याकडे एक बोर्ड शेवग्याच्या फांदीत पूर्ण झाकलेला होता आणि दुसरा कुणीतरी गुरांच्या वाड्याचं दार म्हणून वापरला होता. त्यानंतर गतिरोधक, पांढरे पिवळे पट्टे मारलेला, नुसता मातीचा ढीग नाही. रात्रीसाठी सोलर ब्लिंकर आणि रस्त्यात चमकणारे कॅट आय. फाटकाजवळ एक दिवा, तो ग्रामपंचायतीच्या स्ट्रीटलाईटमध्ये येतो. पैसे कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात जो अबंधित, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला भाग होता, तशा निधीतून ही कामं बसतात, फक्त ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी लिहिलेली पाहिजेत. आराखड्यात नाही तर पैसा नाही. म्हणून आराखड्याची ग्रामसभा चुकवू नका.

गवत आणि झाडोरा. जूनमध्ये पाऊस पडला की तीन आठवड्यात रस्त्याच्या वळणावरून फाटक दिसेनासं होतं. आपल्या हद्दीतलं आपण काढायचं, रेल्वेच्या हद्दीतलं पी-वेला पत्र देऊन काढून घ्यायचं, आणि कुणाच्या खाजगी जागेतल्या आंब्याची फांदी आड येत असेल तर घरी जाऊन, चहा पिऊन, समजावून. नोटीस काढून कलमाची फांदी तोडायला गेलात तर पुढची दहा वर्षं तो माणूस तुमच्या प्रत्येक कामाला आडवा येईल.

चिऱ्याच्या खाणी असतील तर ट्रकमधून लाल माती रुळावर पडते. रूळ आणि आतल्या चेक रेलमध्ये चाकासाठी जी फट असते ती मातीने आणि खडीने भरली की धोका रेल्वेलाही आणि बाइकवाल्यालाही, ओल्या मातीवर बाइक घसरून माणूस रुळावरच पडतो. खाणवाल्यांना ताडपत्री लावायला सांगा आणि ग्रामसभेत सांगा, सगळ्यांसमोर.

गेटमनच्या केबिनकडे पण लक्ष द्या. बऱ्याच ठिकाणी तो माणूस बाराबारा तास एकटा असतो, पावसात आजूबाजूला जनावर फिरतं, पाणी लांबून आणावं लागतं. पंचायतीची नळजोडणी तिथपर्यंत नेता येते का ते रेल्वेला विचारून बघा. ज्या गावात गेटमनला नावाने हाक मारतात तिथे त्याच्यावर फाटक उघडायची जबरदस्ती होत नाही.

वीज आल्यापासून बदललेलं

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि आता रुळाच्या वर २५,००० व्होल्टची तार आहे. तिला हात लागायला लागत नाही, जवळ गेलं तरी झटका बसतो, दोन मीटरच्या आत काहीही न्यायचं नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूला लोखंडी उंचीची कमान असते, साधारण पावणेपाच मीटरची, तिच्याखालून जे जात नाही ते फाटकातून न्यायचंच नाही. पेंढ्याचा ट्रक, बांबूचा ट्रक, ट्रेलरवर चढवलेली होडी, मंडपाचे खांब उभे धरून निघालेली ट्रॉली. ट्रकच्या टपावर बसलेली पोरं तर अजिबात नाही.

आणि शिमगा. पालखी रूळ ओलांडून पलीकडच्या वाडीत जाते अशी बरीच गावं आहेत, निशाणकाठी उंच असते, अब्दागिरी असते, ढोल वाजत असतो त्यात भोंगा ऐकू येत नाही. देवाच्या कामात नियम कशाला असं कुणी म्हणेल, त्याला शांतपणे सांगायचं की आपल्या माणसाच्या जीवासाठी. पंधरा दिवस आधी गावकर मानकरी यांना घेऊन स्टेशन मास्तरला भेटा, पालखीचा दिवस आणि अंदाजे वेळ लेखी द्या, त्या दिवशी फाटकावर पंचायतीचे चार स्वयंसेवक उभे करा, आणि निशाणकाठी फाटकातून आडवी न्यायची हे मानकऱ्यांच्या तोंडून जाहीर करून घ्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी गुरवानेच आधी आठवण केली. विसर्जनाच्या मिरवणुकीलाही हेच.

ठराव असा लिहा

ग्रामसभेचा ठराव गुळगुळीत नको. "फाटकावर सुरक्षा वाढवावी" असं लिहिलं तर त्याला उत्तर पण "नोंद घेतली" असंच येतं. नमुना देतो, जागा भरून घ्या.

"विषय: रेल्वे फाटक क्र. ___, कि.मी. ___ येथील सुरक्षेबाबत. सदर फाटकावरून इतर जिल्हा मार्ग क्र. ___ जातो. ग्रामपंचायतीने दि. ___ ते ___ या सात दिवसांत केलेल्या मोजणीनुसार सरासरी दैनिक वाहन युनिट ___, दैनिक रेल्वेगाड्या ___, टीव्हीयू ___. याशिवाय रोज ___ विद्यार्थी पायी ओलांडतात. सबब रेल्वे प्रशासनाने १) अधिकृत मोजणी करावी २) फाटक इंटरलॉक करावे ३) रेल्वे हद्दीतील रस्त्याचा पृष्ठभाग दुरुस्त करावा. जिल्हा परिषद बांधकाम विभागाने इशारा फलक, गतिरोधक व ब्लिंकर बसवावेत. तहसीलदार यांनी ३० दिवसांत संयुक्त पाहणी ठेवावी. सूचक ___, अनुमोदक ___, ठराव सर्वानुमते मंजूर."

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. १ मेची धरा, पावसाआधी काम सुरू होऊ शकतं आणि चाकरमानी पण गावात असतात त्यामुळे कोरम भरतो.

प्रती कुणाला: रेल्वेचं विभागीय किंवा क्षेत्रीय ऑफिस, पी-वे, तहसीलदार, गटविकास अधिकारी, बांधकामचा उपअभियंता, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. ही शेवटची लोक विसरतात, पण रस्त्याचे सगळे विभाग आणि पोलीस तिथे एका टेबलावर बसतात.

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १९ माहीत असू द्या. सार्वजनिक रस्ता रूळ ओलांडत असेल तर सुरक्षेसाठी तो वरून किंवा खालून न्या अशी मागणी राज्य सरकार किंवा रस्ता सांभाळणारी स्थानिक संस्था रेल्वेकडे करू शकते, खर्च कुणी किती द्यायचा हा पुढचा प्रश्न आणि तो सोपा नाही. पण मागणी करायचा अधिकार कायद्यात आहे हे पत्रात लिहिलं की पत्राचं वजन बदलतं. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. फक्त "काय कारवाई केली" असं विचारू नका, "फाटक क्र. अमुकची शेवटची टीव्हीयू मोजणी, तारीख आणि आकडे यांची प्रत द्या" असं विचारा.

फाटक बंद करून खालून रस्ता देतो म्हणाले तर

इथे थांबा आणि नीट विचार करा. रेल्वेला फाटकं कमी करायची आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, फाटकच नसेल तर अपघातच नाही. गावाला उड्डाणपूल परवडत नाही म्हणून कमी उंचीचा अंडरपास, ज्याला आपण बोगदा किंवा मोरी म्हणतो, तो देतात. इतर ठिकाणी ते चालत असेल. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि खणून खाली नेलेला रस्ता.

आमच्या तालुक्यातल्या एका गावाने आनंदाने सही दिली, फाटक कायमचं बंद झालं, आणि पहिल्याच जुलैत मोरीत कमरेएवढं पाणी. पोरं परत रुळावरून चालायला लागली, आता तर फाटक नाही, गेटमन नाही, अडवायला कुणी नाही. बाळंतीण बाईला बारा किलोमीटर वळसा घालून न्यावं लागलं. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या कामाने चार महिने धोका वाढला.

म्हणून फाटक बंद करायला संमती देण्याआधी ठरावात अटी घाला, नंतर कुणी ऐकत नाही. पाणी कुठल्या पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडणार आणि त्या पऱ्ह्याची पावसातली पातळी मोरीच्या तळापेक्षा खाली आहे का, हे जुलैमध्ये उभं राहून दाखवा, उन्हाळ्यात नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, २००५ च्या २६ जुलैला आणि २०२१ च्या जुलैला पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते झाडावर खूण दाखवतील. नैसर्गिक उताराने पाणी जात नसेल तर पंप कोण बसवणार, वीज गेली तर, आणि आपल्याकडे पावसात वीज जाणारच, तर डिझेलवर कोण चालवणार, त्याचं बिल कुणाच्या नावावर. दोन्ही बाजूच्या उतारावर छप्पर मिळेल का. एसटी आणि आगीचा बंब उंचीला बसतो का. आणि भिंतीवर लाल रेघ, याच्यावर पाणी असेल तर उतरायचं नाही. जिथे जमीन उंच आणि पाणी आपोआप वाहून जातं तिथे मोरी उत्तम, मी तिच्या विरोधात नाही, पण आधी पाणी बघा.

जिथे फक्त माणसंच ओलांडतात तिथे पादचारी पूल मागा. पाखाडीच्या पायऱ्या चढणाऱ्या गावाला पुलाच्या पायऱ्या जड नाहीत.

लोकांना काय सांगायचं

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि रेल्वे फाटक जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस पण जूनमध्येच असतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात पी-वे किंवा आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) माणसाला शाळेत बोलवा, ते आनंदाने येतात. पोरांना भाषण नको, एक गोष्ट सांगा: एक्स्प्रेसला ब्रेक मारला तरी थांबायला जवळपास किलोमीटर लागतो, म्हणजे ड्रायव्हरने तुला बघितलं तरी त्याच्या हातात काही नाही. आणि एक गाडी गेली की लगेच धावू नको, रोहा ते वीर आता डबल लाईन आहे, दुसरी उलट दिशेने येत असते. शाळेच्या वेळेबद्दल मुख्याध्यापकांशी बोला, घंटा दहा मिनिटं पुढे मागे करता आली तर पोरांची घाई संपते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, तेव्हा हे परत बघावं लागतं.

मोठ्यांना कायदा सांगा. बंद फाटक जबरदस्तीने उघडलं तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच. दांड्याखालून गेलं तर कलम १४७, सहा महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

गाडी रुळावर बंद पडली तर काय करायचं हे प्रत्येक मिनिडोरवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला पाठ पाहिजे. आधी सगळी माणसं उतरवून रुळापासून लांब. गाडी ढकलत बसायचं नाही. लगेच गेटमनला सांगायचं, त्याच्याकडे फोन, लाल झेंडा आणि रुळावर लावायचे फटाके असतात, गाडी थांबवायची पद्धत त्याला शिकवलेली असते. गेटमन जवळपास नसेल, नुसती पायवाट असेल, तर रेल्वेच्या हेल्पलाईनला, १३९ ला फोन करा आणि जवळच्या विजेच्या खांबावरचा नंबर सांगा, प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा आकडा लिहिलेला असतो, त्यावरून जागा बरोबर कळते. दोन माणसं दोन्ही दिशांना, रुळाच्या कडेने, लाल कापड हलवत पळू देत, रात्र असेल तर टॉर्च. कडेने, रुळामधून नाही.

पाठपुरावा

संयुक्त पाहणी झाली की त्याच जागी पंचनामा लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, "ऑफिसला गेल्यावर पाठवतो" म्हणाले तर पाठवलं जात नाही. कुणी काय काम कधीपर्यंत करणार अशा तीन रकान्यांचा एक कागद. तो पंचायतीच्या नोटीस बोर्डावर लावा आणि दर महिन्याच्या मासिक सभेत विषय म्हणून घ्या, एक ओळ झाली तरी चालेल. आमचं इंटरलॉकिंग व्हायला पहिल्या पत्रापासून सहा वर्षं लागली, मधे तीन इंजिनिअर बदलले, दोन सरपंच बदलले. प्रत्येक वेळी नव्या माणसाला ती फाईल उघडून दाखवायची, पहिलं पान मोजणीचं, दुसरं फोटोंचं, तिसरं ठरावाचं. फाईल पंचायतीच्या कपाटात ठेवा, एक झेरॉक्स घरी ठेवा.

त्या मुलीला मी आमच्या मोजणीची जुनी वही दिलीय, रकाने कसे पाडायचे ते बघायला. येत्या सोमवारपासून तिची पोरं फाटकावर बसणार आहेत, पहाटे चार ते दुपारी बारा पहिली पाळी.